नेत्र म्हणजे दोन

पांढुर्णा,
२६ सप्टेंबर १९८६

प्रिय श्रीकांत,

मुकुंदाच्या उजव्या हाताची दोन बोटं सायकलवरून पडून मोडलेली नाहीत. ती त्यानं स्वतः मोडली, दगडानं ठेचून, पूर्ण शुद्धीत. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण मला प्रस्तावनेत दोन पानं घालवायची खोड आहे आणि या वेळी तेवढी सवड नाही. तुझं कार्ड मिळालं. पोरगा दोन आठवडे सौसरला अंगणातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसून आहे, आईनं भरवली तर अर्धी भाकर खातो, नागपूरला एम. एस्सी.च्या वर्गात परत जायचं नाव काढत नाही, आणि परवा म्हणाला, 'बाबा, मी गणित सोडून राहिलो.' तू विचारतोस, पोळ्याला सावरगावात झालं तरी काय. तुझे थोरले बंधू पुंडलिकराव तोंड उघडत नाहीत, मुकुंद उघडत नाही. उरलो मी, ज्याचं तोंड मिटावं म्हणून तू तीस वर्षं देवाला साकडं घालतो आहेस. तेव्हा वाच. बोटं जुळतील. पण ज्यानं आज बोटांवर दगड घातला तो उद्या कशावर घालील, या भीतीनं मला घरात बसवत नाही. आणि डॉक्टरनं महिनाभर मोटारीचे धक्के खायला बंदी केली आहे. म्हणून पत्र.

अक्षराला हसू नकोस. ओळी उजवीकडे घसरतात, हे मलाही दिसतं, म्हणजे थोडंफार दिसतं. काल तुझी वहिनी सुधा चहा देत होती. मी हात पुढे केला आणि मूठ कपाच्या चार बोटं अलीकडेच मिटली. सगळा चहा धोतरावर. तिनं दुसरा कप जमिनीवर ठेवून त्याच्यावर चमचा वाजवला, आणि मी नंदीबैलासारखा आवाजाकडे हात नेला. तुला हे नवीन नाही. साठ सालच्या दिवाळीत तू आमच्या ओसरीवर तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतलंस आणि ते नेमकं बाहेर पडलं. मी म्हणालो, 'काय रे, गणिताचा माणूस अन अंदाज चुकला?' बावीस वर्षांचा गाढव होतो मी. आज अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, जात तीच.

तर आपला खेळ आठव. तू संख्या फोडणारा, मी तिला नाव ठेवणारा. सरकारी हिंदी पुस्तकात तुझ्या लाडक्या संख्यांना अभाज्य म्हणतात, पण आपण दोघं मोहगावच्या गुरुजींकडे शिकलो, म्हणून तुझ्यामाझ्यात त्या अजून मूळ संख्याच. आणि बाकीच्या संख्यांचे काय करायचे, तर अवयव पाडायचे. तेव्हा आठवीतल्या मला या शब्दाची किती गंमत वाटली होती! बाराचे अवयव पाडा, तीसचे अवयव पाडा. जणू गणिताचा तास नव्हे, खाटकाचं दुकान. मूळ संख्या म्हणजे काय, तर जिचे अवयव पडत नाहीत ती. त्या बदल्यात मी तुला आमच्या शास्त्राची रीत शिकवली. आमच्याकडे आकडे लिहीत नाहीत, वस्तू लिहितात. चंद्र म्हणजे एक, कारण तो एकच. नेत्र म्हणजे दोन. राम किंवा अग्नी म्हणजे तीन, वेद चार, ग्रह नऊ, नंद नऊ, आणि देहाला नऊ भोकं म्हणून रंध्र नऊ. शिवाय अंकांची चाल उजवीकडून डावीकडे, म्हणजे ज्या शब्दानं सुरुवात होते तो एकंस्थानी बसतो. तू म्हणाला होतास, 'मोरू, तुमच्या पंडितांना सरळ चालता येत नाही का बे?' दर पोळ्याला मी शब्दांत बांधलेली एक मोठी संख्या पाठवायची, आणि दिवाळीपर्यंत तू ती सोडवून तिचे अवयव पाडायचे, किंवा पडत नसतील तर तसं कळवायचं. कोण जिंकतं हे आपण कधीच ठरवलं नाही, म्हणून तो खेळ टिकला.

साठ साली मात्र आपण पैज लावली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, झाडाला झेंडा, इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, आणि दिवसभर गोटे. कोणे एके काळी कोणी कोणाची मुलगी पळवली म्हणे. तिचं नाव एकालाही ठाऊक नाही, गोटे मात्र अजून तिच्या मागे धावतात. तू म्हणालास, दिवसाला लाखावर गोटे उडत असतील. मी म्हटलं, वीस हजारांच्या वर नाही. मग ठरलं की तू तुझ्या काठावरून मोजायचं, मी माझ्या. तू खरंच वही घेऊन उभा राहिलास, मिनिटाला किती, काठाची लांबी किती, असं काहीतरी मांडत. चारशे माणसं एकमेकांची डोकी फोडून राहिली आणि हा बाबा गुणाकार करून राहिला! दुपारी सूर्य कलल्यावर आमच्या लोकांनी कुऱ्हाड घेऊन झाड तोडायला धाव घेतली, तेव्हा दोन्हीकडून इतके गोटे सुटले की हवा करडी झाली. कवठ फुटल्यासारखे आवाज येत होते, ते कवठांचे नव्हते. एकाचा खालचा जबडा लोंबत होता आणि तो तसाच हातानं धरून ढोलाच्या तालावर ओरडत होता. फुटलेल्या डोक्याला चंडीचं भस्म लावलं, पटका आवळला की माणूस पुन्हा पाण्यात. त्या गर्दीत तुझ्या काठावर एक जण वही टाकून, चेहरा ओंजळीत धरून खाली बसला. आमचा सगळा काठ नाचला, 'पडला रे पडला!' मीही ओरडलो. तो तू होतास हे मला संध्याकाळी कळलं. तुझा डावा डोळा गेला. वहीतल्या शेवटच्या आकड्यावर रक्त सांडलं होतं, आणि ती वही तुझ्या आईनं चुलीत घातली. पैज अजून अनिर्णित आहे.

दिवाळीत तू भेटलास, सौसरला मास्तर म्हणून रुजू झालास, आणि पंधरा दिवसांनी मी तुला राहिलेली संख्या पाठवली. जणू काही झालंच नाही. नेत्र, ग्रह, अग्नी, नंद, राम, रंध्र. म्हणजे नऊ लाख एकोणचाळीस हजार तीनशे ब्याण्णव. तुझं कार्ड आलं: '९३९३९१. मूळ आहे. हिचे आता आणखी अवयव पडत नाहीत.' एवढंच. मी संस्कृतचा मास्तर. लाल शाई हातात घेतल्याशिवाय मला परमेश्वराचंही पत्र वाचता येत नाही. मी उलट टपाली लिहिलं, की नेत्र म्हणजे दोन, एक नव्हे. शेवटी दोन असलेली संख्या मूळ आहे असं शेंबडं पोरही म्हणणार नाही. ती दोनानं सात वेळा चिरते, खाली एक्केचाळीस आणि एकशे एकोणऐंशी उरतात, म्हणजे चांगले नऊ तुकडे होतात. सावरगावच्या पाण्यात काही दोष आहे काय? त्यानंतर चार वर्षं तुझं पत्र नाही. मला तुझा हिशेब कळायला चार महिने लागले. एकदा आंघोळीत डोळ्यात साबण गेला, एक डोळा घट्ट मिटून मी तांब्या चाचपत होतो, आणि तसाच थांबलो. पाणी निवेपर्यंत थांबलो. तू चुकला नव्हतास. तुझ्या घरात नेत्र म्हणजे एकच होता.

चौसष्ट साली तुझ्या लग्नाची पत्रिका आली. तिच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं: '९३९३९१. पुढचा अंक उचलून मागे ठेवला. सहाही वेळा मूळ. गाडीच्या चाकासारखी फिरवली तरी फुटत नाही.' प्रत्यक्षात किती काम होतं ते तू नंतर सांगितलंस: सहा संख्या, सगळ्या मिळून आठशे भागाकार, एका डोळ्यानं, शाळा सुटल्यावर. मी लग्नाला आलो, पंक्तीत वाढपी झालो, आणि आपण पुन्हा पहिल्यासारखे झालो. त्यानंतर बावीस वर्षं मी दोनासाठी कर लिहिले, बाहू लिहिले, पक्ष लिहिले. नेत्र पुन्हा लिहिला नाही. तुझ्या लक्षात आलंच असेल.

आता यंदाचं. तू लिहिलंस, मुकुंद पोळ्याला काकाकडे सावरगावला जाणार आहे, जरा नजर ठेव. ठेवली. गोट्यांच्या आदल्या दिवशी तो आमच्याकडे आला, सुधाच्या हातचे पोहे दोनदा घेतले, मला सहा अंकी संख्या तोंडी फोडून दाखवली आणि कबूल केलं की, 'काका, नदीकडे नाही जाणार, आईची शपथ आहे.' त्यानं मनापासूनच सांगितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकरावांचा शेजारी कवडू त्याला बैलांसमोर चारचौघांत म्हणाला, 'तुह्या बापाचा डोळा पांढुर्ण्यानं फोडला, अन तू पांढुर्ण्याच्या मास्तराच्या घरी पोहे खाऊन राहिला? काहून बे, तुले रक्त हाये का ताक?' हे मला मुकुंदानंच मागाहून सांगितलं. वीस वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. बापाचा डोळा कसा गेला हे तू त्याला कधी नीट सांगितलं नाहीस. जे तू सांगितलं नाहीस ते कवडूनं सांगितलं.

दुपारी दोनच्या सुमारास मी पुलाच्या टोकाशी उभा होतो, दरवर्षीसारखा, शहाण्या माणसाच्या अंतरावर. पलीकडच्या काठावर मला तुझी चाल दिसली. तो चालतो तुझ्यासारखाच, डावा खांदा पुढे काढून. कमरेला पंचा बांधून त्यात गोटे भरलेले, आणि तोंड असं, की त्या पोराचं तसं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचा एक गोटा आमच्या बाजूच्या माणसाच्या मानेवर बसला. तो माणूस उभा होता तसाच, गुडघ्यात न वाकता, झाडासारखा आडवा झाला. मुकुंद हसला नाही, थांबलाही नाही. वाकला आणि दुसरा उचलला. श्रीकांत, मी धोतर खोचलं आणि पाण्यात शिरलो. माझ्या वर्गातली पोरं मागून बोंबलली, 'अबे सर हायेत! थांबा, सर हायेत!' पण गोट्यांना कोणी गुरू नसतो. पाणी मांडीपर्यंत, तळाला शेवाळ, आणि नाकात रक्ताचा तो लोखंडी वास. एक खांद्यावर बसला, एक बरगडीवर. बरगडी आतून बोलली. मी पळसाच्या आडून बाहेर आलो आणि ओरडलो, 'मुकुंदा!' त्याच क्षणी उजव्या बाजूचं जग विझलं. दुखलं नाही, हे नवल. कोणीतरी दार लावून घेतल्यासारखं झालं, आणि गालावरून काही कोमट, अंड्याच्या बलकासारखं खाली आलं. तू 'नजर ठेव' म्हणाला होतास. मी ती जाम नदीत ठेवून आलो.

मला बाहेर काढलं ते मुकुंदानं. दोन्ही काठ मारत असताना तो पाण्यात आला, मला पाठीवर घेतलं आणि स्वतःच्या पाठीवर तीन गोटे खाल्ले, हे आमच्या काठानंही पाहिलं. हे विसरू नकोस. नागपूरच्या इस्पितळात तो माझ्या खाटेशी बसला आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला, 'काका, मी पाह्यलं ना. माह्याच हातातून सुटला तो. तुमचा आवाज आला, पण हात पहिले सुटला.' मी म्हटलं, अरे, दोनशे हात सुटले होते. तो म्हणाला, 'दोनशे असतील, पण मले माहा दिसला.' तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर सुधाला सांगितलं की उजवा डोळा काढावा लागेल. मुकुंद भिंतीला टेकून ऐकत होता. तो शांतपणे पायऱ्या उतरला, रस्त्याच्या कामाला टाकलेल्या गिट्टीतून एक दगड निवडला, उजवा पंजा कडेच्या फरशीवर पसरला आणि डाव्या हातानं घातला. सुधा धावली, तोवर दुसऱ्यांदा घातला होता. ती सांगते, तोंडातून आवाज नाही. फक्त तिसऱ्यांदा दगड उचलताना पुटपुटत होता, 'याच्यानंच, याच्यानंच.' त्यानंच सुधाला शपथ घातली की तुम्हाला सायकल सांगावी. मी ती शपथ मोडतो आहे. सुधा माझ्यावर रागावणार, पण ती सध्या माझ्या उजव्या बाजूला बसते, म्हणजे तिचा रागीट चेहरा मला दिसत नाही. प्रत्येक संकटात काहीतरी सोय असते.

मी पोराला खूप समजावलं. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, तसं गोट्याचंही शोधू नये, असं म्हणालो. पण ज्याला लागलं तोच म्हणतो तेव्हा ते औदार्य वाटतं, आणि औदार्य हे माणसाला दगडापेक्षा जास्त ठेचतं. हे मला तुझ्याकडून ठाऊक आहे. आणि इथे मी ते लिहितो, ज्यासाठी इतकी पानं भरली. साठ साली मी आमच्या काठावर मोजत होतो, असं तुला सव्वीस वर्षं सांगत आलो. मोजत होतो, हे खरं. पण दुसऱ्यांचे गोटे नाही, माझे. दुपारपर्यंत हात बांधून उभा होतो, मग धाव सुरू झाली, कोणीतरी हातात गोटा दिला, आणि तो हाताला इतका बरोबर बसला की काय सांगू. पहिला फेकला आणि मनात म्हटलं, चंद्र. दुसरा फेकला आणि म्हटलं, नेत्र. आणि पलीकडे एक जण वही टाकून खाली बसला. तिसरा मी फेकला नाही, ओरडलो मात्र. आमच्या काठावर दोनशे हात होते. माझाच असेल असं नाही. माझा नसेल असंही नाही. नंतरची ती संख्या मी नेत्रापासून सुरू केली ती गाढवपणानं नाही. मला वाटलं, तू विचारशील. तू उत्तर पाठवलंस, आणि ते समजून न घेता मी तुझं गणित तपासत बसलो. म्हणजे तुझ्या पोराचा नेम चुकलेला नसेल, श्रीकांत. बापाच्या डोळ्यासाठी त्यानं फेकला, आणि कदाचित ज्याला लागायला हवा होता त्यालाच लागला. हे पत्र त्याला वाचून दाखव, या परिच्छेदासकट. माझ्यावर राग आला तर येऊ दे, रागावलेलं पोर जेवतं. तो भिंतीकडून तोंड फिरवून मला शिव्या देऊ लागला, तरी मला चालेल. मग तुझं काय ते तू ठरव. सोबत जवाबी कार्ड आहे. पत्ता मी घातला आहे, आणि मजकुराच्या जागी पाच अंक लिहिले आहेत: ९३९३९. सहावा तू घाल. दोन घातलास तर मी समजेन की आपले नऊ तुकडे झाले, आणि तेही न्याय्य आहे. एक घातलास तर तुझ्या घरातला नेत्र आणि माझ्या घरातला नेत्र सारखेच झाले. आमच्या शास्त्रात संख्या त्याच अंकापासून वाचायला सुरुवात करतात.

तुझाच, वाटेल त्या अंकाला,
मोरेश्वर